देवाची निवड आणि राहेलीचे अश्रू

नाताळच्या पृष्ठासाठी काही लिहावे, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा आमच्या घरच्या मंडळींस नवल वाटले. चंद्रभागेच्या काठी जन्म काढलेल्या, हाती झांजा घेऊन हरिकथा सांगणाऱ्या हरदासाने ख्रिस्तजन्मावर काय लिहावे? वाचकांसही कदाचित असेच वाटेल. परंतु या विषयाकडे आम्हांस ओढून नेणारा प्रश्न आमच्याच कीर्तनात, आणि तोही गोकुळाष्टमीच्या मध्यरात्री उपस्थित झाला होता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पंढरपुरातील एका मठात जन्माचे कीर्तन झाले. पाळणा म्हणून झाला, सुंठवडा वाटला गेला, मंडळी पांगली. एक तरुण बाई मात्र खांबाशी बसून राहिली. तिचा तान्हा मुलगा त्याच पावसाळ्यात तापाने गेला होता, हे आम्हांस नंतर कळले. ती पुढे आली, नमस्कार केला आणि म्हणाली, "बुवा, देवकीच्या आठव्याला वाचवायचं देवाच्या मनात होतं. मग आधीच्या सहांनी काय केलं होतं?"

आमच्यापाशी उत्तर तयार होते. भागवताच्या दशम स्कंधात ते आहे. ती सहा बालके म्हणजे मरीचीचे पुत्र. ब्रह्मदेवास हसल्याने त्यांस असुरयोनी प्राप्त झाली आणि पुढे ती देवकीच्या उदरी आली. हे सारे आम्ही तीस श्लोकाधारे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले, "बरं" म्हणाली आणि निघून गेली. त्या "बरं"मध्ये समाधानाचा लवलेश नव्हता. शास्त्र बिनचूक सांगूनही आपण चुकलो, ही जाणीव आम्हांस त्या रात्री झाली.

पुढे नवा करार वाचीत असता मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायाशी आम्ही थबकलो. यहुद्यांचा राजा जन्मास आला, असे कळताच हेरोद राजाने बेथलेहेम व आसपासच्या गावांतील दोन वर्षांची व त्यांहून लहान सर्व मुले मारविली. योसेफास स्वप्नात सूचना मिळाली होती. तो बाळ व बाळाची आई यांस घेऊन मिसर देशी निघून गेला. ज्याला वाचवायचे होते तो वाचला. बाकीच्यांच्या आयांचे काय? मत्तयाने येथे यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील राहेलीचे स्मरण केले आहे. मुले नाहीशी झाली म्हणून रडणारी, आणि सांत्वनच नाकारणारी अशी ती आई आहे. आमच्या कीर्तनातील बाईचाच प्रश्न दोन सहस्र वर्षांपूर्वी दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत विचारला गेला होता! (कृष्णजन्माची कथा ख्रिस्तकथेवरून घेतली, असा तर्क एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडित वेबर यांनी केला होता. आम्हांस तो पटत नाही. परंतु त्या वादात आज शिरावयाचे नाही.)

प्रश्न आहे तो देवाच्या निवडीचा. ख्रिस्ती धर्मविचारात हा शब्द फार जुना आणि फार जड आहे. ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्यास जुना करार म्हणतात त्यात, देव अब्राहामास बोलावितो आणि त्याच्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळांस आशीर्वाद मिळेल, असे वचन देतो. म्हणजे निवड एकाची, परंतु प्रयोजन सर्वांचे. त्याचा नातू याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ. दोघे आईच्या पोटात असतानाच धाकट्याची निवड झाली. इस्राएल राष्ट्राची निवड का झाली, याचे अनुवाद नावाच्या ग्रंथात दिलेले कारण तर विलक्षण आहे. ते संख्येने मोठे होते म्हणून नव्हे, ते तर सर्वांत लहान होते. देवाने प्रेम केले एवढेच कारण. आणि आमोस संदेष्टा या निवडीचा अभिमान धरणाऱ्यांस बजावतो की, तुम्हांस ओळखले म्हणूनच तुमच्या अपराधांचा जाब तुम्हांस अधिक द्यावा लागेल.

आपल्याकडील विद्वानांस हा वाद अपरिचित वाटू नये. आत्मा प्रवचनाने लाभत नाही, बुद्धीने लाभत नाही, वरणानेच लाभतो, असे कठोपनिषद सांगते. कोण कोणास वरतो? आद्य शंकराचार्यांच्या भाष्यानुसार साधक आत्म्यास वरतो. रामानुजाचार्यांनी त्याच मंत्रातून परमात्मा आपल्या प्रियतम भक्तास वरतो, असा अर्थ काढला. एका क्रियापदाच्या कर्त्यावरून दोन वाटा फुटल्या. पुढे दक्षिणेत श्रीवैष्णवांमध्ये माकडिणीचे पिल्लू आणि मांजरीचे पिल्लू हा दृष्टांत प्रसिद्ध झाला. माकडिणीस तिचे पिल्लू स्वतः घट्ट धरून असते. मांजर मात्र आपल्या पिलास तोंडात धरून नेते, पिलाने काहीच करावयाचे नसते. ख्रिस्ती जगात मार्जारन्यायाचा सर्वांत कडक पुरस्कर्ता कोण म्हणाल, तर जिनिव्हाचा जॉन कॅल्व्हिन. इ. स. १५५९ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या महाग्रंथात त्याने प्रतिपादिले की, काहींस अनंत जीवन आणि काहींस अनंत नाश, हे ईश्वराने सृष्टीच्या आधीच ठरविले आहे. हा निर्णय विचार करताच थरकाप उडविणारा आहे, हेही त्याने मान्य केले. त्याच्याही आधी सुमारे अकराशे वर्षे संत ऑगस्टिन मनुष्याच्या सर्वस्वी पतिततेवरून त्याच दिशेने गेला होता. १६१८-१९ मध्ये हॉलंडातील डॉर्ट येथे भरलेल्या धर्मसभेने कॅल्व्हिनच्या अनुयायांचा पक्ष उचलून धरला.

आम्हांस हा सिद्धांत मानवत नाही. मांजर पिलास उचलते हे खरे, परंतु चार पिले उचलून पाचवे मुद्दाम विहिरीत टाकणारी मांजर आम्ही पाहिली नाही.

निवडीच्या या गर्वातून इतिहासात अनर्थही घडले. आता देवाची निवडलेली प्रजा आपणच आणि ज्यू हे टाकलेले, असे मानणाऱ्या ख्रिस्ती समाजाने शतकानुशतके ज्यूंचा छळ केला. खरे पाहता पौल हा स्वतः ज्यू. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तीन अध्याय या एकाच प्रश्नाशी झुंजून तो अखेर सांगतो की, देवाने आपल्या लोकांस टाकलेले नाही. रोमन कॅथलिक चर्चने ज्यूंना शापित वा त्यक्त म्हणू नये, असे स्पष्टपणे जाहीर केले ते २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. फार उशीर झाला होता.

आता देहधारणाकडे वळू, कारण निवडीचे कोडे ख्रिस्ती आचार्यांनी तेथेच सोडवू पाहिले आहे. ईश्वराचा अनादी शब्द मनुष्य झाला, हे योहानाच्या शुभवर्तमानाचे मुख्य सूत्र. शब्दब्रह्माची कल्पना ज्यांस ठाऊक आहे त्या आपल्या वाचकांस हा आरंभ परका वाटणार नाही. अलेक्झांड्रियाचा आरियस म्हणू लागला की, हा पुत्र श्रेष्ठ खरा, परंतु तोही निर्माण केलेलाच. तेव्हा इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे परिषद भरली आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असा निर्णय झाला. २०२५ साली त्या परिषदेस १७०० वर्षे पूर्ण झाली. पुढे ४५१ मध्ये कॅल्सिडन येथे ठरले की, ख्रिस्त पूर्ण देव व पूर्ण मनुष्य आहे; दोन स्वभावांची सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही.

यास अवतार म्हणावे काय? सामान्यतः आपण म्हणतो, आणि त्यात प्रेमच असते. परंतु शास्त्रदृष्ट्या भेद आहे. गीताभाष्याच्या प्रस्तावनेत शंकराचार्य भगवंत मायेने जणू देहधारी झाल्यासारखा, जणू जन्मल्यासारखा दिसतो, असे म्हणतात. वैष्णव आचार्यांच्या मते तो देह खराच, पण प्राकृत नव्हे. ख्रिस्ती परंपरेने मात्र 'जणू' हा शब्द कटाक्षाने नाकारला. येशूचा देह आभास होता म्हणणारा पक्ष आरंभीच्या शतकांत होता. त्यास पाखंड ठरविण्यात आले. तो भुकेला झाला, मित्राच्या थडग्याशी रडला, मरणाच्या आदल्या रात्री व्याकूळ झाला, हे सारे तुमच्याआमच्यासारखेच खरे. आणि हे एकदाच. पुन्हा पुन्हा नव्हे. म्हणून मराठी ख्रिस्ती बांधव बहुधा देहधारण हा शब्द योजतात. मराठीत ही कथा ओवीबद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. ते १५७९ मध्ये गोव्यास आले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण साष्टीतील राचोल येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांत जुन्या व नव्या कराराची कथा पुराणिकाच्या थाटात सांगणाऱ्या या परदेशस्थाची मराठीवरील माया पाहून आम्हां पुराणिकांस हेवा वाटतो.

आता मूळ प्रश्न. स्विस धर्मपंडित कार्ल बार्थ कॅल्व्हिनच्याच परंपरेतला. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथखंडात त्याने सारी मांडणी फिरविली. देवाने आधी दोन याद्या केल्या, हे त्यास मान्य नाही. निवडणारा देव आणि निवडलेला मनुष्य हे दोन्ही ख्रिस्तच. आणि अव्हेराचे दुःखही त्यानेच आपल्या अंगावर घेतले. म्हणजे निवड ही सुटका नव्हे. या प्रकाशात आम्ही बेथलेहेमची कथा पुन्हा वाचली. मिसरास नेलेले ते बाळ वाचले खरे, पण मोठे होऊन क्रुसावरच गेले, आणि त्या वेळी त्याची आई समोर उभी होती, असे योहान सांगतो. राहेलीच्या दुःखातून मरियेचीही सुटका झाली नाही.

पाश्चात्त्य चर्चमध्ये २८ डिसेंबरला त्या मारलेल्या बालकांचा सण असतो. त्यांचा बाप्तिस्मा झाला नव्हता, ख्रिस्ताचे नावही त्यांस ठाऊक नव्हते. तरी चर्च त्यांस हुतात्मे मानते. नाताळच्या आनंदात तिसऱ्याच दिवशी हा दिवस ठेवणाऱ्यांनी आईचा प्रश्न टाळला नाही, हे आम्हांस मोठे वाटले.

मग आमचे भागवत काय म्हणते? पूर्वशापाचेच उत्तर देऊन ते थांबत नाही, हे आम्ही त्या रात्री विसरलो होतो. दशमाच्या पंचाऐंशीव्या अध्यायात देवकी रामकृष्णांस म्हणते की, तुम्ही गुरूचा मेलेला पुत्र आणून दिलात, तर माझेही आणा. आणि देव आईस कारणे सांगत बसत नाही. तो सुतलात बळीकडे जातो, सहाही बालके आणून तिच्या मांडीवर ठेवतो; ती त्यांस पाजते, आणि मग ती स्वर्गास जातात. देवकीला सारे वैभव मिळाल्यावरही ती सहा मुले आठवत होती, हे व्यासांनी नोंदविले आहे.

त्या मुलांची नावेही नवव्या स्कंधात आहेत: कीर्तिमान, सुषेण, भद्रसेन, ऋजू, संमर्दन, भद्र. चाळीस वर्षे जन्माचे कीर्तन करूनही आम्ही ती कधी उच्चारली नव्हती. नंतरच्या अष्टमीपासून आम्ही ती सहा नावे घेतो आणि मगच पाळण्याच्या दोरीस हात लावतो. त्या पहिल्या वर्षी स्त्रियांच्या बाजूस गर्दी फार होती; ती बाई आली होती की नाही, आम्हांस दिसले नाही.