उजनीच्या काठावरील पक्षिगणना

भीमा नदीवर सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात बांधलेले उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि करमाळा, इंदापूर या तालुक्यांपर्यंत विस्तीर्ण जलाशय पसरला. पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. लगतच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी चोच उलटी धरून आपले सूक्ष्म भक्ष्य गाळून घेतात. एकाच काठावर दोघांचाही निर्वाह चालतो.

हे पक्षी वाढतात की घटतात, हे केवळ अंदाजाने सांगता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात नान्नज येथे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. त्या पक्ष्याची घट वर्षानुवर्षांच्या मोजणीमुळेच आकड्यांनिशी दिसून आली.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी तीत अवश्य भाग घ्यावा. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून ठरलेल्या काठावर उभे राहावे. एकाने मोजावे, दुसऱ्याने लिहावे. थवा मोठा असल्यास प्रथम दहा पक्षी मोजावेत व त्या मापाने उरलेला थवा मोजावा. पक्षी न दिसल्यास शून्य लिहावे. तीही नोंदच होय. पुढील वर्षी जागा व वेळ बदलू नये.

मृत पक्षी आढळल्यास हात न लावता वन व पशुसंवर्धन खात्यांस कळवावे. फवारणीचा पंप जलाशयात धुऊ नये. ज्या पाण्यात पक्षी टिपतात, तेच पाणी आपली जनावरे पितात.