सुजेचं सोंग घेणारा कर्करोग

डोळा दुखत नाही, लालही होत नाही. फक्त नजर धूसर होते आणि समोर काळे ठिपके, जाळ्या तरंगू लागतात. साठीच्या आसपासच्या माणसानं ही तक्रार सांगितली, की डॉक्टरांना डोळ्यातल्या पारदर्शक जेलीत पेशींचा गढूळपणा दिसतो. निदान होतं ‘युव्हायटिस’, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. स्टेरॉइड सुरू होतं, बरं वाटतं. डोस उतरवला की पुन्हा तेच. बहुतेकांच्या बाबतीत ती खरोखर सूजच असते. मोजक्या रुग्णांत मात्र बऱ्याच महिन्यांनी उलगडतं, की तो लिम्फोमा होता.

लिम्फोमा म्हटलं की आपल्याला मानेतल्या, काखेतल्या गाठी आठवतात. पण डोळ्याच्या जेलीत आणि पडद्यावर वाढणारा हा लिम्फोमा दुर्मीळ आणि जात्याच आक्रमक असतो. बहुतेक वेळा तो ‘बी’ प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा असतो. निम्म्याहून अधिक रुग्णांत तो मेंदूतही असतो किंवा पुढे तिथं पोहोचतो. म्हणून इथं प्रश्न नजरेपुरता राहत नाही, जिवाचा होतो.

तपासायचं कसं, ही खरी अडचण. डोळ्यात सगळी मिळून जेली जेमतेम 4 मिलिलिटर. त्यातला थोडासा नमुना शस्त्रक्रियेनं काढायचा, तर त्यात कर्करोगाच्या पेशी थोड्या, त्याही नाजूक, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत मरणाऱ्या. त्यातच आधी दिलेल्या स्टेरॉइडनं त्यांतल्या बऱ्याच मारलेल्या असतात. म्हणजे ज्या औषधानं रुग्णाला बरं वाटलं, त्यानंच पुरावा पुसला जातो.

अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथं नॅशनल आय इन्स्टिट्यूट ही सरकारी संशोधन संस्था आहे. तिथल्या विकृतिशास्त्रज्ञ डॉ. ची-चाओ चान यांनी ही अडचण वेगळ्या बाजूनं धरली. पेशी हाती लागत नसतील, तर त्या पेशी जे रसायन सोडतात ते शोधायचं. सुजेत ‘इंटरल्यूकिन-6’ वाढतं. बी पेशींचा लिम्फोमा असेल तर ‘इंटरल्यूकिन-10’ वाढतं. 1995 मध्ये चान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या जेलीत हे दुसरं रसायन चढलेलं दाखवलं. दहा क्रमांकाच्या रसायनाचं प्रमाण सहा क्रमांकाच्या रसायनापेक्षा जास्त दिसलं, तर लिम्फोमाची शंका घ्यायची, हा आडाखा त्यातून रुजला. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, पण पुढची तपासणी टाळायची नाही, हे मात्र कळतं.

मला त्यांचं दुसरं काम अधिक मोलाचं वाटतं. सूक्ष्मदर्शकाखाली संशयित पेशी तेवढ्या वेगळ्या काढायच्या आणि पीसीआरनं त्यांची जनुकं पाहायची, ही पद्धत त्यांनी डोळ्याच्या नमुन्यांसाठी वापरली. सुजेतल्या बी पेशींच्या प्रतिपिंडांच्या जनुकांची मांडणी नाना तऱ्हेची असते; कर्करोगात सगळ्यांची एकच, कारण त्या एकाच पेशीच्या लेकी असतात. चिमूटभर पेशींवरून हा फरक करता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. पुढे ‘एमवायडी88’ या जनुकातला एक ठरावीक बदल या लिम्फोमाच्या बहुसंख्य रुग्णांत सापडला, आणि आता निदानासाठी तोही पाहिला जातो.

वेळेवर कळलं तर करण्यासारखं बरंच असतं. मेथोट्रेक्सेट या कर्करोगावरच्या औषधाचे 400 मायक्रोग्रॅम थेट डोळ्यात टोचतात. एका रूढ वेळापत्रकात वर्षभरात अशी 25 इंजेक्शनं येतात. आधी आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला, मग महिन्याला. मेंदूचा एमआरआय तर करावाच लागतो.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. डोळ्याच्या आतली सूज क्षयरोगामुळेही येते, आणि आपल्या देशात ही शंका आधी घेणं रास्तच आहे. पण क्षयाची औषधं आणि स्टेरॉइड देऊनही गढूळपणा परत येत असेल, तर तिथंच अडून राहू नये. वय पन्नाशीच्या पुढं, सूज वारंवार उलटणारी, आणि कारण सापडत नाही, असं असेल तर पडद्याच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: हा लिम्फोमा तर नाही ना? स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. नमुना घेण्याआधी ते कधी आणि कसं थांबवायचं, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.