गाडी ओरडते, पण ओढत नाही

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि वाईवरून सांगलीकडे उतरत येते. आपली मोटारसायकल सुट्टीच्या दिवशी नेमका उलटा प्रवास करते. सांगली-मिरजेच्या सपाटीवर ती सहा महिने बिनतक्रार धावलेली असते. मग एके दिवशी मागे माणूस, डिकीत सामान घेऊन ती वाई ओलांडून पसरणीच्या घाटाला लागते. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर रेस वाढवली की इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही. सपाटीवर लपलेला दोष चढावर उघडा पडतो. हा क्लच घसरतो आहे.

गॅरेजमध्ये निदान बहुधा तयारच असते : ‘प्लेटा गेल्या, नव्या टाका.’ पुष्कळदा ते खरेही असते. पण खरे कारण दुसरे असेल, तर पैसे जातात आणि थोड्याच दिवसांत नव्या प्लेटाही घसरू लागतात. म्हणून कारण शोधण्याचा क्रम आपल्याला माहीत हवा.

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तेलात भिजलेला असतो. त्यात एक अस्तर लावलेली प्लेट, शेजारी एक साधी पोलादी प्लेट, पुन्हा अस्तराची, अशी चळत असते. अस्तराच्या प्लेटा इंजिन फिरवते, पोलादी प्लेटा गिअरबॉक्सला जोडलेल्या असतात. स्प्रिंगा ही चळत घट्ट दाबून धरतात, म्हणून सगळे एकत्र फिरते. हँडलवरची लिव्हर ओढली की दाब सुटतो आणि प्लेटा मोकळ्या होतात. म्हणजे क्लच घसरण्याची मुख्य कारणे तीन : दाब पूर्ण पडत नाही, तेल प्लेटांना पकडू देत नाही, किंवा प्लेटा झिजल्या आहेत.

आधी दोष क्लचचाच आहे ना, हे पाहावे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना रेस एकदम वाढवावी. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तेवढाच राहिला, तर क्लच घसरतो आहे. आवाजही चढला नाही, तर दोष इंजिनात शोधावा. खाडखाड आवाज होऊन झटके बसले, तर चेन आणि स्प्रॉकेट पाहावे.

आता बिनखर्चाची तपासणी. लिव्हर हलकेच ओढून पाहा. ताण लागण्याआधी तिचे टोक थोडे मोकळे हलले पाहिजे. बहुतेक गाड्यांत हा सैलपणा 10 ते 20 मिलिमीटर असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. प्लेटा झिजतात तसा तो कमी होत जातो. सैलपणा मुळीच नसेल, तर क्लच कायम किंचित दाबलेला राहतो. आपण हात न लावताही गाडी हाफ क्लचवर चालते म्हणा ना! अॅडजस्टर फिरवून सैलपणा पुन्हा देता येतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही तो टिकतो का, तेही पाहावे. क्लचवायर गंजून अडकत असेल, तर ती बदलणे प्लेटांपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

दुसरी तपासणी तेलाची. मोटारसायकलीत इंजिन आणि क्लच यांना बहुधा एकच तेल असते. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. इंजिनाला ती चालतात, क्लचला नाहीत. डब्यावर ‘जेएएसओ एमए’ अशी खूण असलेले, पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच तेल घ्यावे. पुरात बुडालेल्या गाडीचे तेल दुधट झालेले दिसते. 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या सांगलीकरांना हे सांगायला नको. अशी गाडी तेल बदलल्याशिवाय सुरू करू नये.

एवढे करूनही क्लच घसरला, तरच तो उघडावा, आणि आपण समोर उभे राहावे. अस्तराची जाडी व्हर्नियरने मोजून घ्यावी. पोलादी प्लेट निळी पडली असेल, किंवा काचेवर ठेवल्यावर डुगडुगत असेल, तर ती तापून वाकली आहे, तीही बदलावी. स्प्रिंगांची लांबी मोजावी, कारण दमलेल्या स्प्रिंगा नव्या प्लेटांनाही घसरवतात. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी इंजिन ऑइलमध्ये भिजवाव्यात आणि स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत.

हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला रोखून धरते, आणि ती रोख याच प्लेटांमधून चाकापर्यंत पोहोचते. क्लच घसरत असेल, तर सगळा भार ब्रेकवर येतो. त्यात क्लच दाबून उतरण्याची सवय असेल, तर तीही रोख राहत नाही.

हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे रखडताना बोटे आपोआप लिव्हरवर जातात. अर्धवट दाबलेला क्लच तिथेच तापतो आणि झिजतो. अशा वेळी खालचा गिअर टाकावा, नाहीतर थांबावे. महिन्यातून एकदा लिव्हरचा सैलपणा पाहायला अर्धे मिनिट पुरते. घाटात जाण्यापूर्वी तेवढे जरूर करावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)