पात्राचे मनगट फिरताच बारीक का होते?

व्हिडिओ गेममधील एखादे पात्र किल्ली फिरवण्यासाठी हात वळवते आणि क्षणभर एक विचित्र दृश्य दिसते. बाकी हात धडधाकट असतो, पण मनगटाजवळची त्वचा लिमलेटच्या गोळीच्या कागदासारखी पिळवटून अरुंद झालेली असते. ॲनिमेशन क्षेत्रात या दोषाला ‘कँडी रॅपर’ असेच नाव पडले आहे. त्याचे मूळ चित्रकाराच्या हलगर्जीपणात नाही, तर सरासरी काढण्याच्या एका साध्या रीतीत आहे.

त्रिमितीय पात्र म्हणजे हजारो बिंदूंनी विणलेली जाळी. प्रत्येक बिंदू स्वतंत्रपणे हलवणे अशक्यप्राय असल्याने जाळीच्या आत हाडांचा सांगाडा बसवला जातो. हाडे हलली की त्वचा त्यांच्यामागून हलते. सांध्याजवळच्या बिंदूने कोणत्या हाडाचे किती ऐकायचे, हे त्याला नेमून दिलेल्या भारावरून ठरते. एका बिंदूवर सहसा चार हाडांपर्यंतचा अंमल असतो. या पद्धतीस ‘स्किनिंग’ म्हणतात. नादिया मॅग्नेनात-थालमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताच्या ॲनिमेशनवरील १९८८च्या शोधनिबंधात सांध्यानुसार त्वचेचा आकार बदलण्याची कल्पना मांडली होती.

प्रचलित रीतीत संगणक एकाच बिंदूसाठी प्रत्येक हाडानुसार एकेक जागा काढतो आणि त्या जागांची भारानुसार सरासरी घेतो. खोट येथेच आहे. हात फिरताना त्वचेवरील बिंदू वर्तुळाच्या परिघावरून सरकायला हवा; परंतु परिघावरील दोन बिंदूंचा मध्य परिघावर पडत नाही. तो जीवेवर, म्हणजे वर्तुळाच्या आत पडतो. शालेय भूमितीतलीच ही गोष्ट. परिणामी ९० अंशांच्या वळणात मधल्या भागाची त्रिज्या मूळच्या सुमारे ७१ टक्के उरते, १२० अंशांत निम्मी होते आणि १८० अंशांत शून्यावर येते.

उपाय उघड होता: जागांची नव्हे, गतींची सरासरी घ्यावी. त्यासाठीचे गणित एकोणिसाव्या शतकातच तयार झाले होते. डब्लिनच्या विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी १८४३मध्ये चार संख्यांची ‘क्वाटर्नियन’ ही रचना शोधली. तिच्याद्वारे फिरणे नेमके मांडता येते. विल्यम किंग्डन क्लिफर्ड यांनी १८७३मध्ये ती विस्तारली आणि पुढे त्या वाटेने फिरणे व सरकणे दोन्ही आठ संख्यांत बसले. लादिस्लाव कावान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७मध्ये हेच गणित स्किनिंगसाठी वापरून दाखवले. या चमूतील काही संशोधक डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे होते. हॅमिल्टन यांचे शिक्षणही तेथेच झाले, हा योगायोग सुखद म्हणावा असाच.

नव्या रीतीत बिंदू जीवेवरून न जाता कंसावरून जातो आणि मनगट भरीव राहते. मात्र कोपर दुमडताना त्याच कारणाने बाहेरची बाजू चेंडूसारखी फुगते. हाडे ताणणे वा आखडणेही या गणितात सरळ बसत नाही. बिन्ह हुय ले आणि जेसिका हॉजिन्स यांनी २०१६मध्ये प्रत्येक बिंदूसाठी फिरण्याचे केंद्र आधीच काढून ठेवण्याचा मार्ग सुचवला. त्याने दोन्ही दोष बरेच आवरतात.

तरीही जुनी रीत हटलेली नाही. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात प्रकाश, सावल्या, टकरी असे सारेच उरकायचे असते. शिवाय त्रिमितीय प्रतिमांच्या देवाणघेवाणीचे ‘जीएलटीएफ २.०’ हे मानकही सरासरीच्याच रीतीवर आधारलेले आहे. त्यामुळे दोष झाकण्याचे काम कलाकारांच्या गळ्यात पडते. कोपर ते मनगट या भागात ते जादा हाडे बसवतात. ९० अंशांचे वळण तीन समान टप्प्यांत वाटले, तर प्रत्येक टप्प्यात त्रिज्या सुमारे साडेतीन टक्केच घटते आणि ती घट नजरेस सहसा जाणवत नाही. माणसाच्या खऱ्या हाताची रचनाही काहीशी अशीच आहे: तळवा पालथा करताना पीळ मनगटात साठत नाही, तर कोपराखालच्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्यावरून वळते आणि तो पीळ त्या संपूर्ण लांबीवर पसरतो.