चित्र, चौकट आणि वाघाचे पट्टे

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, प्रोग्रॅमिंग निवृत्तीनंतर शिकलो. म्हणून आजचा विषय छोटा घेतलाय, पण त्यात फसायला जागा भरपूर आहे. संगणकाच्या खिडकीत ठराविक जागा आहे. तीत चित्र बसवायचं कसं?

उदाहरण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातलंच घेऊ. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात जंगलवाटांवर कॅमेरा ट्रॅप लावतात. वाघ समोरून गेला की फोटो निघतो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही एकसारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीने कॅमेरे लागतात. दर ४ वर्षांनी देशभर व्याघ्रगणना होते, तिच्यात फोटोंतले पट्टे जुळवूनच एकेक वाघ ओळखतात.

आता समजा, असे दोन फोटो शेजारी ठेवून पाहायचा प्रोग्रॅम आपण लिहितोय. फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा. जागा ८०० बाय ५०० ची. मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग ताणण्याचा. रुंदी पाचपट कमी केली, उंची सहापट. चित्र जागेत चपखल बसलं, पण वाघ उंचीच्या मानाने २० टक्के रुंद झाला! पट्ट्यांमधली अंतरंही तशीच बदलली. शेजारच्या चौकटीचा आकार वेगळा असेल, तर एकच वाघ दोन ठिकाणी दोन वाघांसारखा दिसेल.

दुसरा मार्ग कापण्याचा. प्रमाण राखून रुंदी ८०० केली की उंची ६०० होते. मग वरून ५० आणि खालून ५० पिक्सेल छाटायचे. पण कॅमेरा ट्रॅपच्या फोटोत तारीख-वेळेची पट्टी बहुधा तळाशीच असते, म्हणजे पुरावाच गेला.

ग्रीक कथेतला प्रोक्रस्टीज आठवतो का? पाहुणा खाटेपेक्षा आखूड असला तर हा त्याला ताणायचा, लांब असला तर पाय तोडायचा. आपली म्हण जास्त शहाणी आहे: अंथरूण पाहून पाय पसरावेत. तिसरा मार्ग तोच.

जागेची रुंदी भागिले चित्राची रुंदी, म्हणजे ०.२. जागेची उंची भागिले चित्राची उंची, म्हणजे साधारण ०.१६७. यातली लहान संख्या घ्या आणि तिनेच रुंदी आणि उंची दोन्ही गुणा. चित्र ६६७ बाय ५०० चं होईल. उरलेली १३३ ची रुंदी दोन्ही बाजूंना रिकामी सोडा. पुष्कळांना ती रिकामी जागा खटकते. मला विचाराल तर ती प्रामाणिक आहे. विंडोज फॉर्म्सच्या पिक्चरबॉक्समध्ये साइजमोडला ‘झूम’ दिलं की हेच घडतं. ‘स्ट्रेचइमेज’ दिलं की पहिला मार्ग.

हिशेब स्वतः लिहिणार असाल तर तीन खड्डे सांभाळा. एक, सी शार्प किंवा जावात ५०० आणि ३००० दोन्ही पूर्णांक असले, तर भागाकार ० येतो. माझी खिडकी अशीच कोरी राहिली आणि मी अख्खी संध्याकाळ ‘फाइल खराब आहे’ म्हणत बसलो. भागण्याआधी एक संख्या दशांशात बदला, झालं.

दोन, सहापट लहान करताना ३६ पिक्सेलांच्या जागी एकच उरतो. सर्वांत सोपी पद्धत त्यातला एक उचलते, ३५ टाकून देते. बारीक पट्टे तुटक होतात, कधी नाहीसेच होतात. म्हणून आजूबाजूच्या पिक्सेलांचा विचार करणारी पद्धत निवडा, जसं की ‘हाय क्वालिटी बायक्युबिक’.

तीन, वापरणारा खिडकी लहान-मोठी करत राहतो. प्रत्येक वेळी मूळ फोटोवरूनच नवं चित्र काढा. लहान केलेलं पुन्हा मोठं केलं, तर गेलेला तपशील परत येत नाही. आणि मूळ फाइलवर लहान प्रत कधीही सेव्ह करू नका.

पडद्यावर दिसतं ते चित्राचं एक रूप, मूळ चित्र नव्हे. हा भेद मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, पण स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममधून जाडा झालेला वाघ बाहेर आला, तेव्हा तो खरा कळला. जागेची सोय म्हणून वाघ बदलायचा नसतो.

आता प्रश्न विचारा.