शेजारच्या खुर्चीवरचा माणूस

1978 साली पेन स्टेट विद्यापीठाने बिल गथ्रिज यांना आपल्या बास्केटबॉल संघाचं मुख्य प्रशिक्षकपद देऊ केलं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात डीन स्मिथ यांच्या हाताखाली तेव्हा त्यांची 11 वर्षं झाली होती. वय होतं 40. त्यांनी होकार कळवला, पत्रकार परिषदेसाठी निघालेही, आणि विमानतळावर त्यांचं मन फिरलं. ते विद्यापीठाच्या गावी, चॅपेल हिलला, परतले आणि पुढची 19 वर्षं सहायक प्रशिक्षक म्हणूनच राहिले.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची रीत माहीत असलेल्यांना हे अजब वाटतं. वरच्या गटात साडेतीनशेहून जास्त विद्यापीठं खेळतात, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्च्या तेवढ्याच. सहायकांची संख्या त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे दोन-तीन वर्षं एका गावात काढायची, मग थोड्या मोठ्या विद्यापीठात जायचं, बायकामुलांसह पुन्हा बिऱ्हाड हलवायचं आणि आपली पाळी येण्याची वाट पाहायची, असं बहुतेकांचं आयुष्य असतं. मुख्य प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली की बहुधा त्याचे सहायकही घरी बसतात. हरलेल्या सामन्यांचा हिशेब एकाच्या नावावर लागतो, नोकऱ्या मात्र सगळ्यांच्या जातात.

हा सहायक दिवसभर करतो तरी काय? पुढच्या प्रतिस्पर्ध्यांची वाटणी सहायकांमध्ये झालेली असते. ज्याच्या वाट्याला जो संघ, त्याने त्या संघाच्या सामन्यांची चित्रफीत पुनःपुन्हा पाहायची. त्यांचा उंच खेळाडू चेंडू मिळाला की कोणत्या खांद्यावरून वळतो, त्यांच्या प्रशिक्षकाने मूठ वर केली की कोणती चाल येते, शेवटच्या मिनिटाला चेंडू कोणाकडे जातो, हे सगळं टिपून काढायचं. मग सरावात राखीव खेळाडूंना त्याच चाली शिकवून त्यांना प्रतिस्पर्धी बनवायचं आणि मुख्य पाच जणांना त्यांच्याविरुद्ध खेळवायचं. सामन्याच्या रात्री शेजारच्या खुर्चीवर बसून, समोरून इशारा झाला की येणाऱ्या चालीचं नाव ओरडून सांगायचं. सामना संपला की दुसऱ्या दिवशी पुढच्या संघाची चित्रफीत सुरू.

आणि याहून मोठं काम म्हणजे शाळकरी खेळाडू हेरणं. गावोगावच्या जिमखान्यांत जायचं, आईवडिलांशी बोलायचं, मुलाच्या शाळेतल्या प्रशिक्षकाचा विश्वास कमवायचा. कुठला मुलगा कुठे जाणार, यावर विद्यापीठाचं नशीब ठरतं. या कामाची काळी बाजूही आहे. सप्टेंबर 2017 मध्ये एफबीआयने लाचखोरीच्या प्रकरणात चार नामांकित विद्यापीठांच्या चार प्रशिक्षकांना अटक केली. चौघेही सहायक होते.

पगाराची गोष्ट तर मुद्दाम सांगायला हवी. 1991 मध्ये कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एनसीएएने, नियम केला की प्रत्येक बास्केटबॉल संघातल्या एका सहायकाला वर्षाला 16,000 डॉलरपेक्षा जास्त द्यायचे नाहीत: शैक्षणिक वर्षाचे 12,000 आणि उन्हाळ्याचे 4,000. खर्च कमी करणं आणि नवोदितांना जागा मिळवून देणं, हा हेतू सांगितला गेला. मुख्य प्रशिक्षकांच्या पगाराला मात्र कुठलीच मर्यादा नव्हती. या जागांवर अनुभवी माणसंही होती, आणि ती कोर्टात गेली. 1995 मध्ये कॅन्ससच्या फेडरल न्यायालयाने हा नियम स्पर्धाविरोधी ठरवला, 1998 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला, आणि 1999 मध्ये एनसीएएने 5 कोटी 45 लाख डॉलर भरून तडजोड केली. काटकसर करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी मिळून सर्वांत कमकुवत माणूस निवडला होता, एवढं त्या खटल्याने उघड केलं.

याच चॅपेल हिलमध्ये 1978 साली रॉय विल्यम्स नावाचे शाळेतले प्रशिक्षक अर्धवेळ सहायक म्हणून रुजू झाले. पहिल्या वर्षाचा पगार 2,700 डॉलर. घर चालवण्यासाठी त्यांनी उन्हाळ्यात संघाच्या दिनदर्शिका विकल्या. दर रविवारी स्मिथ यांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या फिती मोटारीत घालून ते दूरच्या शहरांतल्या केंद्रांवर पोहोचवत. मायकेल जॉर्डनला चॅपेल हिलकडे वळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. दहा वर्षांनी, 1988 मध्ये, कॉलेज पातळीवर मुख्य प्रशिक्षकपद कधीच सांभाळलेलं नसताना ते थेट कॅन्सस विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. पुढे नॉर्थ कॅरोलायनाला परतून त्यांनी 2005, 2009 आणि 2017 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. ही झाली यशाची ठरलेली कथा, आणि ती खरीही आहे.

गथ्रिज यांची कथा सांगायला कठीण, कारण तिच्यात बढती नाही. कॅन्ससच्या पार्सन्स गावचा, गणितात पदवी घेतलेला हा माणूस. कॅन्सस स्टेट विद्यापीठात प्रशिक्षक टेक्स विंटर यांच्या हाताखाली खेळला आणि तिथेच सहायक झाला. 1967 मध्ये चॅपेल हिलला आल्यावर उंच खेळाडूंना घडवणं आणि नेमबाजी घोटून घेणं हे त्यांचं खास काम. 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये स्मिथ अमेरिकेच्या सुवर्णपदक विजेत्या संघाचे प्रशिक्षक होते, तेव्हा सहायक म्हणून गथ्रिज होतेच. 1982 आणि 1993 च्या राष्ट्रीय विजेतेपदांच्या वेळीही होते.

ऑक्टोबर 1997 मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, स्मिथ अचानक निवृत्त झाले आणि संघ साठीच्या गथ्रिज यांच्या हाती आला. त्यांच्याकडे तोलामोलाचे सहा खेळाडू होते आणि सुरुवात करायची पाचांनी. त्यांनी सरळ पाळी लावली: दर सामन्याला एक जण बाहेरून सुरू करेल, मग तो कितीही मोठा तारा असो. अँटवान जेमिसन आणि व्हिन्स कार्टर त्या सहांत होते. रोज प्रत्येकाशी वैयक्तिक काम केलेल्या माणसालाच असा निर्णय पेलतो, असं मला वाटतं. त्या वर्षी संघाने 34 सामने जिंकले, फक्त 4 गमावले आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत धडक मारली. 2000 मध्ये तो पुन्हा तिथवर पोहोचला. तीन हंगामांत 80 विजय मिळवून गथ्रिज निवृत्त झाले. तीस वर्षं शेजारी बसलेल्याला संघ चालवता येतो का, या शंकेला एवढं उत्तर पुरेसं आहे.

2023 पासून एनसीएएने बास्केटबॉल संघांना तीनऐवजी पाच सहायक ठेवायची मुभा दिली आहे. खेळाडू आता सहज विद्यापीठ बदलतात, त्यांना पैसेही मिळतात, त्यामुळे त्यांना टिकवणं हेही सहायकाच्याच अंगावर आलं आहे. काम वाढलं, माणसं वाढली. मोजमाप मात्र जुनंच: मुख्य झाला तर यशस्वी.

डीन स्मिथ यांच्या नावावर 879 विजय आहेत. त्यांतल्या बहुतांश विजयांच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर गथ्रिज होते, आणि नोंदवहीत ते सगळे एकट्या स्मिथ यांच्या खात्यावर आहेत. ती नोंद अपुरी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.