पंचहौदातला प्याला

गुरुवार पेठेत शिरलं की दुकानांच्या पाट्यांवरून एक उंच मनोरा डोकावतो. आठ घंटांचा संच त्याच्या पोटात आहे. शेजारचं देऊळ 1885 सालचं. त्याचं खरं नाव पवित्र नाम देवालय, पण पुणेकरांच्या तोंडी पंचहौद चर्च. मिशनच्या आवारातल्या पाच हौदांवरून हे नाव पडलं. काउली संघाचे फादर आणि 1877 साली पुण्यात आलेल्या वाँटेज संघाच्या सिस्टर यांनी इथे शाळा चालवल्या, आजाऱ्यांची सेवा केली आणि मराठी उपासनेची घडी बसवली.

पुण्याच्या इतिहासात पंचहौद गाजला तो मात्र चहामुळे. 1890 च्या ऑक्टोबरात व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी मिशनमध्ये जमली. टिळक होते, रानडे होते. चहा-बिस्किटं पुढे आली. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावं छापून आणली आणि पेठापेठांत ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं वादळ, माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. कुणाच्या हातचा चहा प्यायला, एवढाच काय तो गुन्हा.

त्याच आवारात, वेदीपाशी, दुसरा एक प्याला होता. प्रभुभोजनाचा. गुडघे टेकून ओळीने बसायचं आणि शेजाऱ्याने ओठ लावलेल्या प्याल्यालाच आपले ओठ लावायचे. जातीची उतरंड घेऊन आलेल्या माणसांना ही गोष्ट सोपी गेली नसणार. मराठी मंडळ्यांतून जात पुरती गेली, असा दावा कुणी करू नये. पण तो प्याला दर खेपेला विचारत राहिला, की तू याच्या शेजारी बसून पिणार ना?

2020 साली नेमका हाच प्याला बाजूला ठेवावा लागला.

मार्चमध्ये कोविडच्या साथीमुळे प्रार्थनास्थळं बंद झाली. पुनरुत्थानाचा रविवार 12 एप्रिलला आला तेव्हा देवळांना कुलपं होती. आमच्या सूसच्या घरात आईने मोबाईल भिंतीला टेकवला, डोक्यावर पदर घेतला आणि त्या चिमुकल्या पडद्यासमोर हात जोडले. पाळकांचा आवाज मध्येच तुटायचा, तेव्हा पुढची ओळ तीच पुरी करायची. पाषाण ओलांडून शहरात जायला एरवी तासभर पुरतो. त्या वर्षी सूस खिंडच सीमेसारखी वाटत होती.

चर्चला मराठी ख्रिस्ती माणूस मंडळी म्हणतो. आधी माणसं, इमारत नंतर. साथीने हात घातला तो माणसांच्या एकत्र येण्यालाच. गाणंसुद्धा धोक्याचं ठरलं. 10 मार्च 2020 ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची तालीम झाली. हजर असलेल्या 61 जणांपैकी 50 हून अधिक जणांना लागण झाली. नारायण वामन टिळकांच्या भजनांवर आणि ‘उपासना संगीता’वर वाढलेल्या, पेटी-तबल्याशिवाय नाताळची कल्पनाही न करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही बातमी फार लागली. अंत्यविधीला वीसच माणसं. ज्याच्या घरी रात्र रात्र भजनं व्हायची, त्याला मूठमाती द्यायला खांदेकरी मोजून घ्यावे लागत.

दिवाळी पाडव्याला, 16 नोव्हेंबरला, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. तेरा दिवसांनी आगमनकाळाचा पहिला रविवार होता, 29 नोव्हेंबर. पंचहौद ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आहे, ते 1970 साली याच तारखेला नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन जन्मलं. एकत्र येण्याची पन्नाशी भरली, तीही एकमेकांपासून सहा फुटांवर बसून.

नाताळला सरकारी नियम आले. प्रार्थनेला 50 च माणसं, साठीच्या पुढच्यांनी आणि दहा वर्षांखालच्यांनी घरीच थांबावं, 31 डिसेंबरची आभारप्रार्थना संध्याकाळी सातपर्यंत उरकावी. महापालिकांच्या हद्दीत 22 डिसेंबरपासून रात्रीची संचारबंदी होती, त्यामुळे मध्यरात्रीची उपासना शक्यच नव्हती. गल्लोगल्ली फिरणाऱ्या कॅरलच्या टोळ्या घरी बसल्या. करंज्या झाल्या, पण डबे शेजाऱ्यांच्या दाराच्या कडीला अडकवून आलो.

आणि प्याला? गरजेच्या वेळी नुसती भाकर घेतली तरी सहभागिता पूर्ण होते, ही अँग्लिकन परंपरेची जुनी शिकवण आहे. साथीत जगभरच्या मंडळ्यांना तिचा आधार झाला. शास्त्राची अडचण सुटली, पण मनाची सुटायला वेळ लागला. ज्या प्याल्याने पिढ्यान्‌पिढ्यांचा विटाळ पुसायला घेतला, त्याच्यापासून माणसं पुन्हा दूर सरकत होती, आणि दूर सरकणं ही आमच्या आजा-पणजांनी भोगलेली गोष्ट आहे.

मी यावर बराच विचार केला. 1890 साली चहाचा पेला दूर सारायला सांगितलं गेलं ते समोरचा माणूस अपवित्र ठरवून. 2020 साली प्याला बाजूला ठेवला तो समोरचा माणूस जगावा म्हणून. हात तसाच मागे येतो, पण त्यामागची माया वेगळी असते. ही माया ओळखायला मला एक अख्खा हिवाळा लागला. पंचहौद अशा गोष्टी पाहत आलाय. 1896-97 च्या हिवाळ्यात प्लेग पुण्यात शिरला, पेठा ओस पडल्या, लोक माळावर झोपड्या बांधून राहिले. साथ ओसरल्यावर ते परतले.

नाताळच्या सकाळी आईला घरीच थांबायचं होतं. वयच तसं. मोबाईलवर उपासना सुरू झाली. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकांनी घरी असलेल्यांसाठी वेगळी प्रार्थना केली. आई नेहमीसारखी गुडघ्यांवर बसली आणि डावीकडे थोडी सरकली. मी विचारलं, “काय झालं?”

ती म्हणाली, “काही नाही गं. शेजारी जागा ठेवते.”